आंबट द्राक्षें आणि लेकरांचे दांत

(शब्बाथशाळेचे शिक्षक, उपदेशक व आईबापें यांच्याकरितां अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : यहेज्केल १८:१-४, १९-२०, योहान ९:१-३.

बाबेलच्या बंदिवासांत असलेल्या इस्राएल लोकांमध्यें एक म्हण फार चालत असे. आंबट द्राक्षें खाल्लीं वडिलांनीं आणि दांत मात्र आंबले लेकरांचे, असा तिचा भाव होता. आमच्यावर आलेलें संकट आमच्या वाडवडिलांच्या पापाचें फळ आहे, आम्ही तें नुसतें भोगीत आहों, असें त्या लोकांस म्हणावयाचें होतें. यिर्मया संदेष्ट्यानेंही या म्हणीचा उल्लेख केला आहे (३१:२९). परंतु यहेज्केलाच्या द्वारें परमेश्वरानें या म्हणीस बंदी केली. प्रत्येक मनुष्य देवाचाच आहे. बापाचा दोष मुलाच्या माथीं मारला जाणार नाहीं, असें त्यानें लोकांस कळविलें.

ती म्हण आमच्या गांवांतून अद्याप गेलेली नाहीं. तिचे शब्द मात्र बदलले आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं मुलांचे पुढील दांत पाहावे, तों त्यांवर खडूसारखे पांढरे पट्टे, पिवळी झांक, किंवा तपकिरी डाग दिसतात. आणि ते एकाच घरीं नव्हे, तर घरोघर. कोणी म्हणतो, पोर दांत घाशीत नाहीं. कोणी म्हणतो, आईबापांनीं कांहीं तरी केलें असेल. कोणी देवीचा कोप म्हणतो. मुलगी मोठी झाली म्हणजे ती गीत गातांना तोंडावर पदर धरते, आणि सोयरिकीच्या वेळीं पाहुणे तिचे दांत पाहून परत जातात. मंडळींतील माणसेंही कधीं कधीं असेंच बोलतात, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून दांत कसा घडतो व कसा पक्व होतो हें या पाठांत आपण पाहूं. तें नीट समजलें म्हणजे दोष कोणाचा नाहीं, आणि कर्तव्य कोणाचें आहे, हीं दोन्ही उत्तरें मिळतील.

१. दांत केव्हां घडतो?

मूल सहा-आठ महिन्यांचें झालें म्हणजे त्याला दांत आला असें आपण म्हणतों. परंतु दांत त्या दिवशीं उत्पन्न होत नाहीं. तो केवळ दिसूं लागतो. आईच्या उदरांत गर्भ सुमारें सहा आठवड्यांचा असतांनाच हिरड्यांच्या जागीं एक बारीक पट्टी तयार होते व तिला कळ्या फुटतात. एकेका कळीचा एकेक दांत व्हावयाचा असतो. चवथ्या महिन्याच्या सुमारास दुधाच्या दांतांत क्षार बसूं लागतात व ते कठीण होऊं लागतात. गर्भवती माता शेतांत खुरपीत असते, चुलीपाशीं भाकरी थापीत असते, आणि तिच्या उदरांत हें काम गुपचूप चाललेलें असतें. एकशेंएकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता आपल्या घडणीविषयीं देवाची स्तुति करितो, तिचा हा एक लहानसा भाग होय.

दुधाचे दांत वीस, आणि कायमचे बत्तीस. कायमच्यांपैकीं पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, पण ती कठीण होण्यास जन्माच्या वेळींच आरंभ झालेला असतो. पुढील दांत जन्मानंतर वर्षाच्या आंत घडूं लागतात. अक्कलदाढा सोडल्या तर सर्व कायमच्या दांतांचे माथे सुमारें आठव्या वर्षापर्यंत पुरे होतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडांत जो नवा पुढचा दांत दिसतो, त्याच्या माथ्याचें काम मूल मांडीवर असतांना सुरू होऊन तें चार-पांच वर्षांचें होईतों संपलेलें असतें. मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं ज्या विहिरीचें पाणी प्यालें, तिची खूण सातव्या वर्षीं प्रगट होते. मध्यें इतका काळ गेल्यामुळें विहिरीचें कोणास स्मरणही राहत नाहीं, आणि लोक खरें कारण सोडून भलत्याच ठिकाणीं दोष शोधतात.

२. दोन प्रकारचे कारागीर

दांताचा बाहेरील पांढरा, चकचकीत थर म्हणजे एनॅमल. त्याच्या खालीं किंचित् पिवळसर असा जो थर असतो, व दांताचा बहुतेक भाग ज्याचा बनलेला असतो, तें डेंटीन. त्याच्याही आंत मगज असतो. त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात.

कळीच्या आंत पेशींच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. आंतील रांग डेंटीन करणाऱ्यांची व बाहेरील रांग एनॅमल करणाऱ्यांची. बाहेरील रांगेकडून सूचना मिळाल्यावांचून आंतील कारागीर कामास लागत नाहींत. आणि आंतील कारागिरांनीं डेंटीनचा पहिला पातळ थर घातल्यावांचून बाहेरील कारागीर एनॅमल घालीत नाहींत. दोघांनाही एकमेकांची वाट पाहावी लागते.

डेंटीनचा कारागीर प्रथम धाग्यांचें मऊ जाळें विणतो. मग त्या जाळ्यांत कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार बसून तें घट्ट होतें. थरावर थर घालीत तो मगजाकडे मागें सरतो, आणि सरतांना आपला एक बारीक तंतु त्या भिंतींत ठेवितो. त्यामुळें डेंटीनमध्यें हजारों सूक्ष्म नळ्या राहतात. एनॅमल झिजलें म्हणजे गार पाण्यानें दांत शिवशिवतो, तो या नळ्यांच्या द्वारें. डेंटीनच्या वजनांत शंभरांतील सुमारें सत्तर भाग क्षार, वीस भाग धागे वगैरे, व दहा भाग पाणी असतें.

एनॅमलचा कारागीर उलट दिशेनें, म्हणजे बाहेर सरतो. त्याचें काम फार मंद असतें. एका दिवसांत सुमारें एका मिलिमीटरचे चार-हजारांश, एवढाच थर तो घालतो. या वेगानें एक मिलिमीटर जाडी होण्यास अडीचशें दिवस लागतील. आणि दाढेच्या टोंकावर तर तें कवच दोन-अडीच मिलिमीटर जाड असतें. या काळांत मुलास मोठा ताप आला, किंवा तें उपासमारीनें खंगलें, तर त्या वेळच्या थरांत न्यून राहतें व पुढें दांतावर खांच किंवा डाग दिसतो. दुधाच्या दांतांत तर जन्माच्या घटकेचीही एक रेषा उमटलेली असते. उदरांतील थर कोठें संपले आणि जगांतील थर कोठें सुरू झाले, हें सूक्ष्मदर्शक यंत्रानें त्या रेषेवरून ओळखतां येतें. याशिवाय दर सात ते नऊ दिवसांनीं किंवा त्याच्या मागेंपुढें एक एक रेषा पडत जाते. हें ऐकून कोणा उपदेशक बंधूनें शब्बाथाचें प्रमाण दांतांत सांपडलें असा उपदेश करूं नये. हें अंतर माणसागणिक निराळें असतें, आणि देवाच्या आज्ञेस अशा टेकूची गरज नाहीं.

३. पक्व होणें म्हणजे काय?

एनॅमल पुरतें जाड झालें म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्या वेळीं तें खडूसारखें मऊ असतें. त्यांत प्रथिनें व पाणी यांचा भाग पुष्कळ असतो. कमान बांधतांना खालीं लांकडांचा आधार देतात, व ती उभी राहिली म्हणजे तो काढून घेतात. तसाच येथें प्रथिनांचा आधार दिलेला असतो. आतां कारागीर एक प्रकारचा रस सोडून त्या प्रथिनांचे तुकडे करितात, ते व पाणी बाहेर काढून घेतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत क्षार भरतात. क्षारांचे स्फटिक जाड होत होत एकमेकांस भिडतात. थर घालण्यास लागला त्याहूनही अधिक काळ या कामास लागतो. शेवटीं शंभरांतील सुमारें शहाण्णव भाग क्षार होतात. मनुष्याच्या शरीरांत याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाहीं.

आतां या कारागिरांचें काय होतें तें पाहा. पक्वतेचें काम चाललें असतांनाच त्यांतील पुष्कळ मरून जातात, आणि दांत हिरडी फोडून वर येतांना जे उरलेले असतात तेही नाहींसे होतात. उगवलेल्या दांताच्या पृष्ठभागास लाळेंतून कांहीं क्षार मिळतात व तो पहिलीं कांहीं वर्षें आणखी घट्ट होतो, हें खरें. परंतु एनॅमलचा जो तुकडा उडाला, तो पुनः येत नाहीं. उलट डेंटीनचे कारागीर मगजाच्या कडेला जिवंत राहतात व जन्मभर थोडेंथोडें काम करीत असतात. बाहेरून कवच झिजलें किंवा कीड आंत शिरूं लागली, म्हणजे ते आंतून नवी भिंत घालून मगजाचें रक्षण करूं पाहतात.

पाण्यांतील फ्लोराइड नांवाच्या क्षाराचें प्रमाण फार झालें, तर बिघाड होतो तो मुख्यतः या पक्वतेच्या वेळीं. प्रथिनें वेळेवर बाहेर निघत नाहींत. स्फटिक पुरते भिडत नाहींत. कवचाच्या आंत सूक्ष्म छिद्रें राहून जातात. असा दांत उगवतांना खडूसारखा पांढरा दिसतो, आणि पुढें त्या छिद्रांत रंग शिरून पिवळे व तपकिरी डाग पडतात. म्हणजे हे डाग मळाचे नव्हेत. ते कोळशानें, राखेनें, विटेच्या पुडीनें किंवा मिशेरीनें घासून जावयाचे नाहींत. उलट त्या घासण्यानें चांगलें एनॅमलही झिजून जाईल, आणि मिशेरीच्या तंबाखूनें तोंडास दुसरे भयंकर रोग जडतील.

४. ओकली गांवाची गोष्ट

ही गोष्ट जगास कशी कळली, तें ऐकण्याजोगें आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या नगरांत १९०१ सालीं डॉ. फ्रेडरिक मॅके नांवाचे तरुण दंतवैद्य येऊन राहिले. तेथील पुष्कळ लोकांच्या दांतांवर त्यांना तपकिरी डाग दिसले. ज्यांचें बालपण त्या नगरांत गेलें त्यांनाच ते होते. जे मोठेपणीं बाहेरून येऊन राहिले त्यांना नव्हते. डागाळलेल्या दांतांना कीड मात्र कमी लागे. पुष्कळ वर्षें शोध करूनही कारण सांपडेना.

१९२३ सालीं ते आयडाहो संस्थानांतील ओकली या लहान गांवीं गेले. तेथील आईबापांनीं सांगितलें कीं, पांच मैलांवरील उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणिल्यापासून मुलांच्या दांतांवर डाग दिसूं लागले. मॅके यांनीं तें पाणी तपासलें. तेव्हांच्या ज्ञानाप्रमाणें त्यांत वाईट असें कांहींच आढळलें नाहीं. तरी त्यांनीं तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचें पाणी घेण्याचा सल्ला दिला, व गांवानें तो मानिला. पुढें कांहीं वर्षांतच लहान मुलांचे जे नवे कायमचे दांत आले, ते निर्मळ आले. मोठ्या मुलांचे डाग मात्र गेले नाहींत. त्यांचे दांत आधींच घडून चुकले होते.

खरें कारण १९३१ सालीं उघड झालें. अल्युमिनियम कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना अशाच डागांविषयीं प्रसिद्ध असलेल्या बॉक्साइट गांवच्या पाण्यांत फ्लोराइड फार आढळलें. आपल्या देशांत १९३७ सालीं तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत हाच रोग डॉक्टरांनीं नोंदविला. तेथें तर दांतांबरोबर लोकांचीं हाडें व सांधेही आखडून गेले होते. म्हणून मुलांच्या दांतांवरील डाग ही गांवास मिळालेली पहिली सूचना समजावी. ती ऐकली नाहीं, तर तेंच पाणी पुढें पाठीस व गुडघ्यांस धरतें.

५. दोष आणि परिणाम

आतां शास्त्रभागाकडे परत येऊं. बापानें आंबट खाल्लें तर मुलाचे दांत आंबत नाहींत, ज्यानें खाल्लें त्याचेच आंबतात. कारण आंबट पदार्थांतील आम्ल ज्याच्या एनॅमलला लागतें त्याचेंच तें विरघळवितें. तरीही आईबापांनीं जें पाणी भरलें, त्याची खूण लेकरांच्या दांतांवर राहते, हें आपण पाहिलें. मग ती म्हण खरी ठरली काय?

नाहीं. परिणाम पोंचणें ही एक गोष्ट, आणि दोष लागणें ही निराळी गोष्ट. एका पिढीच्या करण्याचे परिणाम दुसऱ्या पिढीस पोंचतात हें पवित्र शास्त्र कोठेंही नाकारीत नाहीं. आपण रोज तें पाहतोंच. पण ज्याला परिणाम पोंचला त्याला पापी ठरविणें, हें देवास मान्य नाहीं. आणि पाणी भरणाऱ्या आईसही कोणी दोष लावूं नये. फ्लोराइडला रंग नाहीं, वास नाहीं. तिनें तर लेकराची तहान भागविली. कांहीं कुळांत एनॅमल किंवा डेंटीन यांतील न्यून पिढ्यानुपिढ्या उतरतें. तेंही अपराधाचें फळ नव्हे.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूस विचारिलें कीं, पाप याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलें. मग त्यानें वाद केला नाहीं. तो त्या मनुष्याकरितां काम करूं लागला. आपला क्रमही हाच असावा. ज्या मंडळींत मुलीच्या दांतांवरून तिच्या घराण्याची परीक्षा होते, त्या मंडळींत ती जुनी म्हण अजून जिवंत आहे असें समजावें.

६. मंडळीनें काय करावें

पहिली गोष्ट, पाण्याची परीक्षा. डोळ्यांनीं व जिभेनें ती होत नाहीं. आपल्या देशाच्या प्रमाणाप्रमाणें एका लिटरांत एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतें. दुसरें पाणीच नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत. पंचांनीं ग्रामपंचायतीस भेटून गांवांतील प्रत्येक विहिरीचें व बोअरचें पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. केवळ आपल्या वस्तीचें नव्हे, सर्व गांवाचें. कारण लेकरें सर्वांचींच आहेत.

दुसरी, पाणी बदलणें. खडकांतील खोल बोअरच्या पाण्यांत पुष्कळदां फ्लोराइड अधिक असतें. उघड्या विहिरीच्या पाण्यांत बहुधा कमी, आणि पावसाच्या पाण्यांत जवळजवळ नसतेंच. पाणी उकळल्यानें रोगजंतु मरतात, पण फ्लोराइड जात नाहीं. पाणी आटून तें उलट दाट होतें. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेनें तुरटी व चुना घालून फ्लोराइड खालीं बसविण्याची रीत काढली आहे. नळगोंडा जिल्ह्यावरून तिचें नांव पडलें. तिचें प्रमाण पाण्याच्या परीक्षेवरून ठरवावें लागतें. अंदाजानें करूं नये. चांगलें पाणी थोडेंच मिळत असेल तर तें आधीं आठ वर्षांखालील मुलांच्या पिण्यास व अन्न शिजविण्यास द्यावें.

तिसरी, आईची व बाळाची काळजी. गर्भवतीस व मुलांस दूध, नाचणी, पालेभाजी मिळूं द्यावी. आईच्या दुधांत फ्लोराइड अत्यल्प असतें. म्हणून पहिले सहा महिने बाळास तेंच द्यावें, वरचें पाणी पाजूं नये. टेट्रासायक्लिन जातीचीं औषधें गर्भवतीनें व आठ वर्षांखालील मुलांनीं डॉक्टरांच्या आज्ञेवांचून घेऊं नयेत. त्यांनींही घडत असलेल्या दांतांत कायमचा डाग पडतो.

चवथी, भलती भीति नसावी. अल्प प्रमाणांत फ्लोराइड एनॅमलला बळकटी देतें व कीड आवरतें. म्हणूनच तें दंतमंजनांत घालतात. लहान मुलास तें अगदीं थोडें द्यावें व गिळूं देऊं नये. ज्या गांवचें पाणी सदोष आहे, तेथें डॉक्टरांस विचारून वागावें. ज्यांचे दांत डागाळले आहेत त्यांनाही दंतवैद्याकडून उपाय करून घेतां येतो.

७. शिक्षकांस एक सूचना

एनॅमल एकदांच घडतें, आणि घडण्याचा काळ लहान असतो. मुलाच्या मनावर पहिल्या सात-आठ वर्षांत जें बसतें तेंही फार टिकतें. आणि त्या वेळीं आपण त्यास काय पाजतों, शिव्या कीं गीतें, भय कीं भरंवसा, हें पुष्कळदां आपल्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणून शब्बाथशाळेचा लहान मुलांचा वर्ग हें हलकें काम समजूं नये. परंतु जो मोठेपणीं प्रभूकडे आला, त्यानें आपलें बालपण वायां गेलें म्हणून हताश होऊं नये. कवच झिजल्यावरही डेंटीनचे कारागीर आंतून भिंत घालीतच असतात; आणि देवाचा आत्मा मनुष्याच्या अंतर्यामीं याहून मोठें काम म्हातारपणींही करूं शकतो.

वर्गाकरितां प्रश्न

१. सात वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दांताचें एनॅमल केव्हां घडलेलें असतें?
२. एनॅमल झिजल्यावर पुनः कां येत नाहीं? डेंटीन करणाऱ्या पेशींचें तसें कां नाहीं?
३. ओकली गांवानें पाणी बदलल्यावर कोणत्या मुलांचे दांत निर्मळ आले, व कोणाचे नाहींत? कां?
४. दोष व परिणाम यांत भेद काय, हें यहेज्केल १८ व योहान ९ यांवरून सांगा.
५. आपल्या गांवच्या पिण्याच्या पाण्याची परीक्षा झाली आहे काय? नसल्यास ती करविण्याचें काम कोण अंगावर घेईल? वर्ग सुटण्यापूर्वीं त्याचें नांव ठरवा, आणि त्याच्याकरितां प्रार्थना करा.